आधी अर्थ पाहा! : मोटारीतील एका दाब-सेन्सरची कथा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. धाकट्या बहिणीच्या नातवाचे बारसे साखळीला होते आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईला पणतू मांडीवर घ्यावयाचा होता. पहाटे आम्ही बेळगाव सोडले. जांबोटी मागे पडली, पाऊस वाढत गेला आणि कणकुंबीच्या अलीकडे मोटारीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. घसरणाऱ्या मोटारीचे चित्र असलेला. पुढे चोर्ल्याचा घाट होता.

या दिव्याची आणि माझी ओळख जुनी नव्हती. पण नवीही नव्हती. नऊ दिवसांपूर्वी तो असाच लागला होता. त्या वेळी शहरातील एका वर्कशॉपमध्ये मोटार नेली, त्यांनी स्कॅनर लावला, 'ब्रेक प्रेशर सेन्सर खराब' असे निदान केले आणि नवा सेन्सर बसवला. दिवा विझला. मी समाधानाने पैसे भरले; पगाराचा चांगलाच लचका तुटला. जुना सेन्सर मात्र, मास्तरकीच्या खोडीने म्हणा, एका पुडीत बांधून मागून घेतला.

आणि आता तोच दिवा पुन्हा डोळे वटारून माझ्याकडे पाहत होता. चहाच्या एका टपरीपाशी मोटार थांबवली. ब्रेकचे पेडल दाबून पाहिले. ते घट्ट होते. ब्रेक ऑइलची पातळी बरोबर होती. लाल दिवा लागलेला नव्हता. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, गाडी थांबते आहे ना? मग दिव्याचं काय एवढं?" तिचे म्हणणे निम्मे खरे होते. ब्रेक शाबूत होते. पण निसरड्या वळणावर मोटार घसरू लागली तर तिला सावरणारी जी यंत्रणा, तिने त्या दिव्याच्या रूपाने रजेचा अर्ज दिला होता. भर पावसात, घाटात, आईला घेऊन मी तो अर्ज मंजूर करू शकलो नाही. मोटार परत वळवली. फोनवर बहीण दोनच शब्द बोलली, "बरं. ठीक." ते दोन शब्द मला अजून आठवतात.

त्या दिव्यामागे काय होते, आणि बावीस वर्षे वर्गात व्हीट्स्टन सेतू शिकवणाऱ्या माणसाला ते शोधण्यासाठी उद्यमबागेतील एका मिस्त्रींकडे का जावे लागले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

दाब कशासाठी मोजायचा?

चाके, स्प्रिंगा, सुकाणू आणि ब्रेक, म्हणजे मोटारीला पेलणारा, वळवणारा आणि थांबवणारा जो सारा पसारा, त्याला ढोबळपणे चासी म्हणतात. यातील ब्रेकचे तत्त्व अकरावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो आणि तो नळ्यांतून चारही चाकांशी जातो. जोरात ब्रेक मारला तर हा दाब सुमारे १०० बारपर्यंत चढतो. एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या वातावरणाचा दाब. म्हणजे त्या बारीकशा नळीत शंभर वातावरणे कोंडलेली असतात म्हणा ना.

या साध्यासुध्या ब्रेकला बुद्धीची जोड गेल्या अर्धशतकात मिळाली. जोरात ब्रेक मारल्यावर चाके जागीच अडकून घसरू नयेत, यासाठी बॉश कंपनीने तयार केलेली एबीएस ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था १९७८ साली मर्सिडीझ-बेंझच्या मोटारीत आली. पुढे १९९५ साली त्याच कंपन्यांनी तिच्याही पुढचे पाऊल टाकले. मोटार वळणावर तोल सोडू लागली, तर चालकाने काही करण्याआधीच एखाद्याच चाकाला नेमका ब्रेक लावून तिला मार्गावर आणणारी यंत्रणा त्यांनी बाजारात आणली. तिला आपण स्थैर्य-यंत्रणा म्हणू. माझा पिवळा दिवा तिचाच.

या यंत्रणेला निर्णय घेण्यासाठी साक्षीदार लागतात. चाके किती वेगाने फिरत आहेत, सुकाणू किती वळवले आहे, मोटार स्वतःभोवती किती गिरकी घेत आहे, बाजूला किती ओढली जात आहे, हे सांगणारे निरनिराळे सेन्सर तिच्यापाशी असतात. यांच्याच रांगेतला एक म्हणजे ब्रेकच्या दाबाचा सेन्सर. चालकाने ब्रेक दाबला आहे का आणि किती जोराने, हे तो सांगतो. मोटार सावरण्यासाठी एखाद्या चाकावर किती दाब द्यावा किंवा कमी करावा, याचा हिशेब या आकड्यावरून सुरू होतो. तो आकडाच खोटा असेल तर सारा हिशेब खोटा. म्हणून शंका येताच यंत्रणा स्वतःला बाजूला करते आणि दिवा लावते. चुकीचे काम करण्यापेक्षा काम न केलेले बरे, असा हा शहाणपणा आहे.

प्रयोगशाळेतला जुना मित्र

पुडीतला जुना सेन्सर मी टेबलावर ठेवला तेव्हा तो अंगठ्याएवढा पितळी-पोलादी तुकडा दिसत होता. एका टोकाला ब्रेकच्या नळीशी जोडण्याचे आटे, दुसऱ्या टोकाला तीन पिना. पण त्याच्या पोटात काय असते ते कळले तर विद्यार्थ्यांना गंमत वाटेल.

आत पोलादाचे एक पातळ पटल असते. एका बाजूने ऑइलचा दाब पडला की ते किंचित फुगते. डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतके किंचित. त्याच्या दुसऱ्या बाजूवर चार सूक्ष्म रोध बसवलेले असतात. पटल ताणले गेले की काहींचा रोध वाढतो, काहींचा घटतो. हे चार रोध ज्या रीतीने जोडलेले असतात ती रीत म्हणजे आपला व्हीट्स्टन सेतू! दाब नसताना सेतू संतुलित. दाब आला की संतुलन बिघडते आणि काही मिलिव्होल्टचा फरक मिळतो. शेजारचा छोटा वर्धक तो फरक मोठा करून तिसऱ्या पिनेवर पाठवतो.

या तुकड्यामागे केवढा इतिहास आहे पाहा. सेतूची कल्पना सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ साली मांडली. १८४३ साली व्हीट्स्टन यांनी ती लोकप्रिय केली आणि नाव त्यांचे पडले. तार ताणली की तिचा रोध बदलतो, हे विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५६ साली दाखवले. अशी तार पृष्ठभागावर चिकटवून ताण मोजण्याची युक्ती अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांना १९३८ साली स्वतंत्रपणे सुचली. सिलिकनमध्ये हाच परिणाम कितीतरी अधिक तीव्र असतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली प्रसिद्ध केले, आणि आजचे अनेक दाब-सेन्सर सिलिकनचेच असतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत आपण कंटाळत काढतो ती आकृती अशी हजारो मोटारींच्या पोटात रोज इमानाने काम करीत असते.

शून्य गुण आणि गैरहजर

आता तीन पिनांकडे वळू. एका पिनेवर मोटारीचे नियंत्रक यंत्र, म्हणजे छोटा संगणक, ५ व्होल्ट पुरवतो. दुसरी पिन परतीची. तिला गॅरेजात 'अर्थ' म्हणतात. तिसरीवरून निरोप जातो. माझ्या मोटारीतील सेन्सर ० ते २५० बार मोजणारा होता. दाब शून्य असताना तो ०.५ व्होल्ट देतो आणि २५० बार असताना ४.५ व्होल्ट. म्हणजे दर बारला १६ मिलिव्होल्ट.

वर्गात हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, शून्याला शून्यच व्होल्ट का नाही?" प्रश्न मार्मिक होता. मी तिला गुणपत्रिकेची आठवण दिली. गणितात एखाद्याला शून्य गुण मिळणे वेगळे आणि तो परीक्षेलाच गैरहजर असणे वेगळे. गुणपत्रिकेत दोन्ही ठिकाणी शून्य लिहिले तर फरक कळणार कसा? तसेच येथे. शून्य दाबालाही सेन्सर ०.५ व्होल्टची हजेरी देतो. निरोपाच्या वायरवर खरोखरीच शून्य व्होल्ट आले तर नियंत्रकाला कळते की वायर तुटली किंवा कुठे तरी अर्थला चिकटली. पूर्ण ५ व्होल्ट आले तर ती पुरवठ्याच्या वायरला चिकटली. या दोन टोकांचे दोष पकडणे सोपे. अवघड असतो तो मधला दोष, ज्यात साक्षीदार हजर असतो, बोलतही असतो. फक्त त्याचे बोलणे पटत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा उलगडा तिच्यावर आहे. हा सेन्सर व्होल्ट मोजून देत नाही. तो मिळालेल्या पुरवठ्याचा हिस्सा देतो. शून्य दाबाला पुरवठ्याचा एक दशांश, पूर्ण दाबाला नऊ दशांश. पुरवठा ५ व्होल्ट असेल तर एक दशांश म्हणजे ०.५. पुरवठा ४.८ झाला तर ०.४८.

कोड म्हणजे निकाल नव्हे

नियंत्रक शंका आल्यावर एक कोड लिहून ठेवतो. इंजिनाशी संबंधित कोड 'पी' अक्षराने सुरू होतो, बॉडीशी संबंधित 'बी'ने, आपसांतील संदेशवहनाचा 'यू'ने आणि चासीचा 'सी'ने. माझा कोड अर्थातच 'सी'चा होता, आणि त्याचा मजकूर होता की ब्रेकच्या दाबाचा संकेत पटण्याजोगा नाही.

या मजकुरात सेन्सर खराब आहे, असे कोठेही म्हटलेले नाही. नियंत्रकाला सेन्सर दिसत नाही. त्याला फक्त वायरच्या आपल्याकडील टोकावरचे व्होल्ट दिसतात. सेन्सर, त्याचा कपलर, तीन वायरी, त्यांतले जोड आणि पुरवठा, यांतील कुणीही गडबड केली तरी कोड एकच. एवढेच काय, ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लावणारा स्विच बिघडला तरीही हा कोड येऊ शकतो. पाय पेडलवर नाही असे स्विच सांगतो आणि दाब आहे असे सेन्सर सांगतो. दोन साक्षी जुळत नाहीत, मग नियंत्रक एकाला खोटे ठरवतो. म्हणून कोड हा तक्रारअर्ज समजावा, निकालपत्र नव्हे. वर्कशॉपने आणि मी, दोघांनीही अर्ज वाचून थेट शिक्षा फर्मावली होती.

उद्यमबागेतील सकाळ

कणकुंबीहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी उद्यमबागेतील एका इलेक्ट्रिक मिस्त्रींकडे गेलो. पन्नाशीचे गृहस्थ, कन्नड भाषक, मराठी आपल्याइतकेच सराईत. मी त्यांना माझा सिद्धान्त ऐकवला की नवा सेन्सरही सदोष निघाला असावा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, दाबल्यावर किती दाखवतो ते राहू दे. पाय काढल्यावर किती दाखवतो?"

मला सांगता येईना. नऊ दिवसांपूर्वी कुणी ते पाहिलेच नव्हते! स्कॅनर लावला. पाय पेडलवर नाही, आणि पडद्यावर दाब ११ बार. पेडल दाबले की आकडा वाढे, सोडले की पुन्हा ११ वर येई. ब्रेकच्या दिव्याचा स्विच त्यांनी तेवढ्यात पाहून घेतला. तो चोख होता. मी पुन्हा म्हणालो, "पाहा, सेन्सरच शून्यावर येत नाही." मिस्त्री हसले. "मोदल अर्थ नोडरी, सर," ते म्हणाले. आधी अर्थ पाहा.

मग त्यांनी कपलर न काढताच, मागच्या बाजूने बारीक पिना वायरींच्या टोकांशी खुपसल्या आणि साधा डिजिटल मीटर लावला. कपलर का काढला नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "काढला की चोर पळतो." हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले, त्याचा अर्थ पुढे कळला.

मीटरची काळी वायर बॅटरीच्या उणे टोकाला लावून त्यांनी तीन आकडे घेतले. पुरवठा ५.०० व्होल्ट. निरोप ०.६८ व्होल्ट. आणि सेन्सरची अर्थची पिन ०.२० व्होल्ट. मग काळी वायर बॅटरीवरून काढून सेन्सरच्याच अर्थ पिनेला लावली आणि तेच पुन्हा मोजले. पुरवठा ४.८० व्होल्ट. निरोप ०.४८ व्होल्ट.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ४.८० चा एक दशांश किती? ०.४८. सेन्सर आपल्या वाट्याला आलेल्या पुरवठ्याचा नेमका एक दशांश देत होता. म्हणजे 'दाब शून्य' असेच तो प्रामाणिकपणे सांगत होता! पण तो ज्या जमिनीवर उभा होता ती जमीनच ०.२ व्होल्ट उंचावली होती. त्यामुळे दूर बसलेल्या नियंत्रकाला ०.४८ अधिक ०.२०, म्हणजे ०.६८ व्होल्ट ऐकू येत होते. ०.५ पेक्षा ०.१८ जास्त. दर बारला १६ मिलिव्होल्ट या हिशेबाने ०.१८ व्होल्ट म्हणजे सुमारे ११ बार. पडद्यावरचा आकडा तंतोतंत जुळला.

पहिल्या मापनात पुरवठा ५.०० व्होल्ट दिसला होता, आणि एवढ्यावरच कुणी 'पुरवठा ठीक आहे' म्हणून सोडून दिले असते. मोजमाप चुकीचे नव्हते. ते चुकीच्या जागेपासून केलेले होते. उंची मोजायची तर कुठल्या पायथ्यापासून, हे आधी ठरवावे लागते.

जमीन उंचावली कशी? नियंत्रकाची स्वतःची अर्थ पाहिली तर तेथे जेमतेम ०.०१ व्होल्ट. म्हणजे दोष नियंत्रक आणि सेन्सर यांच्यामधल्या वायरीत. मिस्त्री वायरीचे अर्धे-अर्धे भाग तपासत गेले आणि बॅटरीच्या ट्रेखाली काळ्या टेपचा एक गठ्ठा सापडला. मोटार मी जुनी घेतलेली. केव्हा तरी उंदरांनी वायरी कुरतडल्या असाव्यात आणि कुणी तरी त्या नुसत्या पिळून, टेप गुंडाळून जोडल्या होत्या. टेप सोडली. दोन जोड बरे होते. अर्थच्या वायरीचे तांबे मात्र हिरवेगार पडले होते. आपल्याकडच्या पावसाने आपले काम केले होते.

सेन्सर सुमारे १० मिलिॲम्पिअर प्रवाह घेतो. ०.२ व्होल्ट भागिले १० मिलिॲम्पिअर, म्हणजे २० ओहम. त्या हिरव्या गाठीचा रोध एवढाच. घरातील दिव्याच्या वायरीत अशी गाठ असती तर ती तापली असती, वास आला असता. येथे प्रवाह इतका अल्प की गाठ ना तापते ना जळते. फक्त कानात खोटे कुजबुजते.

मिस्त्रींनी कुजका भाग कापला, वायरीला नवा तुकडा डाख देऊन जोडला, वर आवळून बसणारी नळी चढवली आणि ट्रेपासून दूर बांधला. पाय काढल्यावर दाब ०. मजुरी त्यांनी सांगितली ती ऐकून मला माझीच लाज वाटली.

नऊ दिवस दिवा का विझला?

मग नवा सेन्सर बसवल्यावर नऊ दिवस सारे ठीक कसे होते? याचे उत्तर मिस्त्रींच्या त्या वाक्यात आहे. सेन्सर बदलताना कपलर ओढला गेला, वायरींचा झुपका हलला, आणि त्या पिळलेल्या गाठीतील तांब्याचे तंतू एकमेकांवर घासून थोडे स्वच्छ झाले. चोर पळाला. आम्ही श्रेय दिले नव्या सेन्सरला. पुढे पाऊस लागला, गाठीत ओल गेली आणि चोर परतला. औषध घेतल्यावर ताप उतरला म्हणून तो औषधानेच उतरला असे होत नाही, हे आपण तर्कशास्त्राच्या तासाला शिकवतो, मोटारीपुढे विसरतो.

तरीही माझ्या मनात एक शंका उरली होती. पहिला सेन्सर खरोखर निर्दोष होता का? पुडी घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो. तृतीय वर्षाची मुले भोवती जमली. ५.०० व्होल्टचा पुरवठा दिला. निरोपाच्या पिनेवर ०.५० व्होल्ट आले. मग अर्थच्या वायरीत रोधपेटी घालून २० ओहमची खुंटी काढली. निरोप ०.६८! माझ्या मोटारीतला आजार आम्ही टेबलावर जसाच्या तसा उभा केला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या तुकड्याची मनातल्या मनात माफी मागितली.

पण शून्याच्या एकाच आकड्यावरून प्रमाणपत्र देणे बरोबर नाही. म्हणून उद्यमबागेतच हायड्रॉलिक कामाच्या एका शेडमध्ये, हातपंप आणि प्रमाणित गेज असलेल्या बाकावर तो चढवून पाहिला. ५० बारला १.३ व्होल्ट, १०० ला २.१, १५० ला २.९. आलेखावर सरळ रेषा. दाब उतरवला तर पुन्हा ०.५. साक्षीदार शंभर टक्के खरा होता. त्याला आम्ही कामावरून काढून टाकले होते.

सेन्सर दोषी केव्हा ठरवावा?

म्हणजे सेन्सर कधी बिघडतच नाहीत असे नाही. पटलावर कायमचा ताण बसून शून्य सरकते, आत ओल शिरते, वर्धक मान टाकतो, कधी उष्णतेबरोबर आकडा भरकटतो. पण शिक्षेपूर्वी चौकशी क्रमाने व्हावी. प्रथम स्कॅनरवर पाय काढून आणि पाय दाबून, दोन्ही आकडे पाहावेत. मग ब्रेकच्या दिव्याचा स्विच. एकाच वेळी अनेक सेन्सरांचे कोड आले असतील तर त्यांच्या सामाईक ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर संशय घ्यावा. एकाने तो खाली ओढला की सारेच आजारी दिसतात. मग कपलर न काढता, प्रवाह चालू असताना, सेन्सरच्याच अर्थ पिनेपासून पुरवठा आणि निरोप मोजावा आणि त्या पिनेची बॅटरीपासूनची उंचीही. मोजता मोजता वायरी हळूच हलवून पाहाव्यात. आकडा नाचला तर चोर जवळच आहे. एवढे करून पुरवठा पूर्ण आहे, अर्थ खाली आहे, दाब शून्य आहे आणि तरीही निरोप एक दशांशावर नाही, असे ठरले तरच सेन्सर बदलावा.

हा क्रम पैशांसाठी जेवढा, तेवढाच जिवासाठी महत्त्वाचा. वेगळा सेन्सर बदलायचा म्हणजे ब्रेकची नळी उघडायची. त्यात हवा शिरली तर ती नीट काढावी लागते. हवा दाबली जाते आणि पेडल मऊ पडते. अनेक नव्या मोटारींत तर हा सेन्सर ब्रेकच्या दाबनियंत्रक ठोकळ्यातच बसवलेला असतो आणि संशयावरून तो संपूर्ण ठोकळा बदलण्याची वेळ येते. मोजमाप कुणीही शिकावे; नळी मात्र जाणत्यानेच उघडावी. आणि पिवळ्या दिव्यावर बेताने गाडी चालवत घरी येता येते, ब्रेकचा लाल दिवा लागला तर जागीच थांबावे, हेही विद्यार्थी मित्रांनी लक्षात ठेवावे.

गणेशोत्सवाच्या आधी आम्ही पुन्हा निघालो. कणकुंबीला मी त्याच टपरीवर थांबलो, दिवा लागलेला नसताना. पुढे धुके होते, घाट ओला होता. साखळीला आईने पणतवाला मांडीवर घेतले. बारशाचा दिवस मात्र गेला तो गेला. बहिणीने चहा देताना तेवढे बोलून दाखवलेच, आणि ते तिने बोलायलाच हवे होते.

मिस्त्रींचे ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. या अंकाच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांचे वाचक त्यातली गंमत ओळखतील. गॅरेजात 'अर्थ' म्हणजे परतीची वायर. आपल्या दोन्ही भाषांत अर्थ म्हणजे अर्थच. मी आकडा वाचला होता. तो कशाच्या सापेक्ष आहे ते पाहिले नव्हते. मोदल अर्थ नोडरी! मीटर हाती धरणाऱ्याने आणि पुस्तक हाती धरणाऱ्यानेही.